आकाशातून पंचनामा : प्रस्तावना

भूकंप होऊन गेल्यावर पहिल्या काही तासांत शासनाला, सैन्याला, वैद्यकीय पथकांना आणि ढिगाऱ्याखाली अडकलेल्यांच्या आप्तांना जे एक ज्ञान सर्वांत अधिक हवे असते, ते नेमके त्याच तासांत सर्वांत दुर्मीळ असते. आणि ते म्हणजे कोठे काय पडले, किती पडले आणि कोणत्या गावाकडे प्रथम धावावयास हवे. भूकंपमापक यंत्रे धक्क्याचे केंद्र आणि त्याचे परिमाण काही मिनिटांत सांगतात. परंतु धक्का आणि घराची हानी यांचा संबंध जमिनीचा पोत, भिंतीचा प्रकार, छपराचे वजन आणि बांधणाऱ्याची सचोटी अशा अनेक गोष्टींतून जात असल्यामुळे, केंद्रापासून सारख्याच अंतरावर असलेल्या दोन गावांपैकी एक उभे राहते आणि दुसरे भुईसपाट होते. त्यातच ज्या गावाला सर्वांत मोठा मार बसलेला असतो त्याचा टेलिफोन, वीज आणि रस्ता ही सर्व एकाच वेळी तुटलेली असतात, म्हणून हाक ऐकू येते ती जेथे हाक मारण्याचे साधन शिल्लक राहिले आहे तेथूनच. २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी कच्छची भूमी हादरली तेव्हा पहिल्या वार्ता अहमदाबादेत कोसळलेल्या इमारतींच्या आल्या. भूज, भचाऊ, अंजार आणि रापर येथील संहाराची खरी व्याप्ती देशाला त्यानंतर कळली.

ही उणीव आकाशातून भरून काढता येईल काय, उपग्रहांनी टिपलेल्या प्रतिमा संगणकाला वाचावयास शिकवून पडलेल्या घरांची मोजदाद करता येईल काय, आणि करता आली तर तिच्यावर कितपत विसंबावे, हा प्रस्तुत ग्रंथाचा विषय होय. विषय तांत्रिक असला तरी तो केवळ तंत्रज्ञांचा नाही. कारण या मोजदादीच्या शेवटी जो आकडा निघतो तो सरकारी दप्तरात जातो, आणि दप्तरात गेलेल्या आकड्यावरून कोणाला अनुदान, कोणाला नवे घर आणि कोणाला नुसता दाखला मिळावयाचा ते ठरते. म्हणून ही विद्या कोणत्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकते आणि कोणत्या प्रश्नाचे देऊ शकत नाही, हे या प्रास्ताविकात शक्य तितक्या स्पष्टपणे मांडण्याचा माझा प्रयत्न आहे.

मराठी वाचकाच्या मनात या संदर्भात प्रथम किल्लारी यावी हे स्वाभाविक आहे. अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपी गेली असता ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास लातूर आणि उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यांच्या सीमेवर जो भूकंप झाला, त्याचे परिमाण जगातील मोठ्या भूकंपांच्या मानाने मध्यमच म्हणावे लागेल. तरीही हजारो माणसे दगावली, याचे कारण घरांत होते. दोन-अडीच फूट जाडीच्या, मातीत रचलेल्या, आतबाहेरच्या थरांना सांधणारा लांब दगड क्वचितच असलेल्या भिंती आणि उन्हाळ्याच्या निवाऱ्यासाठी वर्षानुवर्षे माती चढवीत गेल्याने जड झालेली माळवदे, हे त्या घरांचे स्वरूप. आणि दख्खनचे पठार अचल आहे या सार्वत्रिक समजुतीमुळे त्या भिंतींना भूकंपाच्या दृष्टीने कोणी कधी पारखलेच नव्हते. त्या वेळी आकाशात भारताचा स्वतःचा दूरसंवेदन उपग्रह होता. परंतु १९९१ मध्ये सोडलेल्या आयआरएस-१बीच्या अधिक सूक्ष्म कॅमेऱ्याचाही एक पिक्सेल जमिनीवरील सुमारे ३६ मीटर लांबीरुंदीचा भाग दाखवीत असे. तेराशे चौरस मीटरांच्या त्या एका चौकटीत चार-सहा घरे, त्यांची अंगणे, मधली गल्ली आणि एखादे कडुलिंबाचे झाड हे सारे मिसळून एकच रंग होऊन जात असल्यामुळे, त्या प्रतिमेवरून किल्लारीचे एकही घर पडले की उभे आहे हे सांगणे शक्य नव्हते. पंचनामे झाले ते पायी फिरून, तलाठ्याच्या हाताने आणि पंचांच्या सह्या-अंगठ्यांनी.

पुढील दहा वर्षांत हे चित्र पालटले. १९९९ मध्ये इकोनॉस या व्यापारी उपग्रहाने सुमारे एक मीटर सूक्ष्मतेच्या प्रतिमा देण्यास प्रारंभ केला आणि कच्छच्या भूकंपानंतर भूजच्या त्याच्या प्रतिमांवरून संशोधकांनी घरांचे अवलोकन केले. याच भूकंपाच्या वेळी, आपत्काळी उपग्रहांच्या प्रतिमा एकमेकांना उपलब्ध करून देण्याचा जो आंतरराष्ट्रीय करार युरोपीय आणि फ्रेंच अवकाश संस्थांच्या पुढाकाराने नुकताच अमलात आला होता, त्याचाही उपयोग झाला. भारताची अवकाश संस्था त्याच वर्षी त्यात सामील झाली. तथापि या विद्येची पहिली खरी कसोटी मला दिसते ती इराणमधील बाम या शहरात. २६ डिसेंबर २००३ च्या भूकंपाने ते कच्च्या विटांचे प्राचीन शहर जमीनदोस्त झाले, आणि त्याच्या क्विकबर्ड उपग्रहाने आधी व नंतर टिपलेल्या प्रतिमा शेजारी शेजारी ठेवून जपानी अभ्यासकांनी १२,०६३ इमारती एकेक करून डोळ्यांनी पारखल्या. हानीच्या पाच श्रेणींची युरोपीय मोजपट्टी त्यांनी घेतली होती. पण पहिल्या दोन श्रेणी, म्हणजे भिंतींना गेलेले तडे आणि गळून पडलेला गिलावा, आकाशातून वेगळ्या ओळखता येत नसल्यामुळे त्यांना त्या एकत्रच धराव्या लागल्या. पूर्ण कोसळलेले घर बहुधा चुकत नाही, अर्धवट मोडलेले पुष्कळदा चुकते आणि तडे गेलेले मुळी दिसतच नाही, हा जो निष्कर्ष त्या कामातून निघाला तो कॅमेरे कितीतरी सूक्ष्म झाल्यानंतरही मूलतः बदललेला नाही.

तो का बदललेला नाही हे समजण्यासाठी एक उदाहरण जवळून पाहावे. पाच मजली इमारत आहे. तळमजल्यावर दुकाने असल्यामुळे तेथे भिंती कमी आणि मोकळे खांब अधिक आहेत. भूकंपात हे खांब मोडतात आणि वरचे चार मजले जसेच्या तसे एक मजला खाली बसतात. आत असलेल्यांच्या दृष्टीने ही इमारत कोसळली आहे. परंतु वरून पाहणाऱ्याला तीच गच्ची, त्याच पाण्याच्या टाक्या आणि तोच कठडा दिसतो. प्रतिमेत फरक पडतो तो सावलीत. सूर्य क्षितिजापासून ३५ अंशांवर असेल तर तीन मीटर उंचीचा एक मजला नाहीसा झाल्याने सावली चार मीटरांहून थोडी अधिक आखूड होते, आणि ३० सेंटिमीटर सूक्ष्मतेच्या आजच्या उत्तम प्रतिमेत हा फरक चौदा पिक्सेलांचा भरतो. चौदा पिक्सेल म्हणजे कमी नव्हेत, ते सहज मोजता यावेत. पण त्यासाठी भूकंपापूर्वीची प्रतिमा त्याच ऋतूतील, त्याच प्रहरी घेतलेली आणि उपग्रहाच्या त्याच तिरप्या दृष्टिकोनातून टिपलेली हवी, शिवाय ती सावली शेजारच्या इमारतीवर न पडता मोकळ्या जमिनीवर पडलेली हवी. दाट वस्तीच्या शहरात या अटी एकत्र क्वचितच जुळतात. उन्हाळ्यातील प्रतिमेशी हिवाळ्यातील प्रतिमा ताडून पाहिली असता सर्वच सावल्या बदललेल्या असतात, आणि त्या गर्दीत खरी आखूड झालेली सावली शोधणे हे मनुष्यालाही कठीण, मग यंत्राला किती!

रडारचा मार्ग निराळा आहे. रडारवाहू उपग्रह स्वतःच सूक्ष्मतरंग पाठवितो आणि परतलेल्या तरंगांची नोंद घेतो, म्हणून त्याला रात्र किंवा ढग यांचा अडसर होत नाही. आणि एकाच कक्षेतून दोनदा घेतलेल्या नोंदींतील तरंगांची अवस्था परस्परांशी जुळते की नाही हे तपासले असता, जेथे उभ्या भिंती होत्या तेथे ढिगारा झाल्याचे त्या जुळणीच्या भंगावरून अनुमान करता येते. नेपाळात २०१५ च्या भूकंपानंतर अमेरिकेच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीने अशा रीतीने नकाशे काढले. मात्र शेतातील पीक वाढले, जमीन भिजली किंवा वर बर्फ साचला तरीही ही जुळणी मोडते, आणि युरोपच्या सेंटिनेल-१ या मोफत मिळणाऱ्या रडारची सूक्ष्मता एका वाड्याइतकी आहे, एका खोलीइतकी नाही. म्हणून त्यावरून मोहल्ल्याविषयी बोलावे, घराविषयी बोलू नये.

आता यंत्राच्या शिक्षणाविषयी. बामच्या बारा हजार इमारती माणसांनी पारखल्या, हैतीची राजधानी पोर्ट-ऑ-प्रिन्स येथील २०१० च्या भूकंपानंतर अनेक देशांतील सहाशेच्या आसपास स्वयंसेवकांनी हेच काम वाटून घेतले; परंतु इतके प्रशिक्षित डोळे प्रत्येक आपत्तीत तासाभरात जमविणे शक्य नसल्यामुळे संगणकाकडे वळणे क्रमप्राप्त होते. संगणकाला हानीची व्याख्या सांगितली जात नाही. त्याच्यापुढे आधीच्या व नंतरच्या प्रतिमांच्या हजारो जोड्या ठेवल्या जातात, त्यांतील प्रत्येक घराची कड माणसाने आखलेली आणि प्रत्येकाची श्रेणी माणसाने लिहिलेली असते, आणि यंत्र आपल्या गणितातील लक्षावधी अंक हळूहळू असे बदलीत जाते की त्याचे उत्तर माणसाच्या उत्तराजवळ यावे. बहुधा हे काम दोन पायऱ्यांत होते: आधी भूकंपापूर्वीच्या प्रतिमेत घरे कोठे आहेत ते शोधावयाचे, कारण पडल्यानंतर घराला कड उरत नाही; आणि मग त्याच जागेची दोन्ही रूपे ताडून श्रेणी ठरवावयाची. या शिक्षणासाठी सर्वाधिक वापरला गेलेला संग्रह म्हणजे अमेरिकेत २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला एक्सबीडी. त्यात ४५ हजारांहून अधिक चौरस किलोमीटर क्षेत्रातील ८,५०,७३६ इमारती आखलेल्या असून प्रत्येकीला हानी नाही, किरकोळ हानी, मोठी हानी आणि नाश या चारांपैकी एक श्रेणी देण्याचा उपक्रम केलेला आहे.

या संग्रहाविषयी मला कृतज्ञता वाटते, कारण एवढे श्रमाचे काम करून ते सर्वांस खुले करणे ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि त्याच्या घडणीकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. त्यातील आपत्ती बव्हंशी चक्रीवादळे, महापूर आणि वणवे यांच्या आहेत. त्यांत भूकंपाचा प्रतिनिधी म्हणावे असे मेक्सिको शहर, सप्टेंबर २०१७ हे एक, आणि भूकंपाबरोबर त्सुनामीही आलेले इंडोनेशियातील पालू हे दुसरे. श्रेणींच्या व्याख्याही त्याच आपत्तींना साजेशा आहेत. छपराचे काही भाग उडाले, इमारतीभोवती पाणी साचले, काही भाग जळाला, या खुणा तेथे किरकोळ हानीच्या समजल्या जातात. वाऱ्याने उडालेले छप्पर खरोखरच वरून दिसते आणि वादळात घराचे जे बिघडते ते बहुतेक छपरातच बिघडते, म्हणून त्या आपत्तीपुरती ही रीत योग्य आहे. भूकंप मात्र घराला खालून आणि बाजूने धरतो. अमेरिकेतील लाकडी घराचे विसकटलेले छप्पर पाहून शिकलेल्या यंत्रापुढे मराठवाड्यातील माळवदाची प्रतिमा ठेवली, तर उभे असताना मातीच्या रंगाचे असणारे आणि पडल्यावरही मातीच्याच रंगाचा ढीग होणारे ते घर त्याला काय दिसेल? बामच्या कच्च्या विटांनी माणसांच्या डोळ्यांना हीच अडचण घातली होती. जे घर यंत्राने शिकताना कधी पाहिलेच नाही, त्याच्याविषयी ते गप्प बसत नाही. ते तितक्याच आत्मविश्वासाने उत्तर देते, आणि धोका आहे तो येथे.

दुसरी अडचण अंकगणिताची आहे, आणि ती प्रशासनातील प्रत्येक अधिकाऱ्याने कागद-पेन्सिल घेऊन एकदा स्वतः सोडवावी अशी माझी विनंती आहे. मेक्सिको शहरात २०१७ साली कोसळलेल्या इमारती सुमारे ४० होत्या, आणि त्या शहरातील एकूण इमारती लाखांत मोजाव्या लागतात. एवढे विषम प्रमाण बाजूस ठेवून आपण सौम्य उदाहरण घेऊ: एका शहरात एक लाख इमारती असून त्यांपैकी एक हजार पडल्या आहेत, आणि आपले यंत्र पडलेली इमारत पडलेली म्हणून आणि उभी इमारत उभी म्हणून शंभरांत पंचाण्णव वेळा बरोबर ओळखते. पडलेल्या हजारांपैकी ९५० ते पकडील. पण उभ्या ९९ हजारांपैकी ४,९५० इमारतींवरही ते पडल्याचा शिक्का मारील. यादी होईल ५,९०० इमारतींची आणि तिच्यात खरोखर पडलेली इमारत सहांपैकी एक निघेल. ‘अचूकता ९५ टक्के’ असे अहवालाच्या मुखपृष्ठावर छापलेले असेल आणि ते असत्यही नसेल. ही यादी घेऊन बचावपथक निघाले तर सहांतील पाच दारांवर त्याचा अमूल्य वेळ जाईल. परंतु तीच यादी घरांची न करता वॉर्डांची केली, आणि ज्या वॉर्डात शिक्के दाटीवाटीने पडले आहेत तिकडे प्रथम जावे असे ठरविले, तर विखुरलेल्या चुका एकमेकींत विरून जातात आणि खरा विध्वंस उठून दिसतो. यंत्र तेच, आकडे तेच. त्याला विचारलेला प्रश्न बदलला, एवढेच.

६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे ४ वाजून १७ मिनिटांनी दक्षिण तुर्कस्तानात ७.८ परिमाणाचा आणि त्याच दिवशी दुपारी ७.५ परिमाणाचा असे दोन भूकंप झाले. काहरामानमाराश, हताय, अदियामान या प्रांतांत आणि सीरियाच्या उत्तर भागात मिळून पन्नास हजारांहून अधिक माणसे मृत्यू पावली. हा प्रसंग या विद्येच्या इतिहासातील सर्वांत मोठी परीक्षा होती. व्यापारी उपग्रहकंपन्यांनी आपल्या प्रतिमा खुल्या केल्या, युरोपच्या कोपर्निकस सेवेने नकाशे काढले, मायक्रोसॉफ्टच्या एका प्रयोगशाळेने काहरामानमाराश, तुर्कोग्लू, नूरदाई आणि इस्लाहिये या गावांतील इमारतींची यंत्राने छाननी केली, आणि एक्सबीडीवर घडलेली यंत्रणा अदियामानमधील शोधपथकांच्या हाती पोहोचली. पथकांना अवगत नसलेले काही उद्ध्वस्त भाग तिने दाखवून दिले, ही तिच्या पदरात निःसंशय टाकण्याजोगी गोष्ट आहे. हिवाळी ढग आणि हिम यांनी प्रथम दृष्टी अडविली, तरीही माणसाच्या पायांनी जे आठवड्यांत झाले असते त्याची रूपरेषा दिवसांत हाती आली.

पण नंतर काय झाले तेही पाहिले पाहिजे. तुर्की शासनाच्या अभियंत्यांनी प्रत्येक इमारतीत शिरून तपासणी केली, आणि कोसळलेली, तातडीने पाडावयाची, भारी, मध्यम व अल्प हानीची, आणि निर्दोष अशी वर्गवारी लावली. मार्च २०२३ च्या आरंभापर्यंत १७ लाखांहून अधिक इमारती तपासून झाल्या होत्या; त्यांत कोसळलेल्या ३५ हजारांच्या आसपास निघाल्या आणि भारी हानीच्या सुमारे १ लाख ८० हजार. म्हणजे एका पडलेल्या इमारतीमागे पाच अशा होत्या की ज्या रस्त्यावरून उभ्या दिसत, आकाशातून बहुधा अभंग दिसत, आणि तरीही ज्यांत पुन्हा कोणी राहू शकणार नव्हते. हैतीतही हेच झाले होते; तेथील अभियंत्यांनी सुमारे चार लाख इमारती तपासून हिरव्या, पिवळ्या व तांबड्या खुणा केल्या, आणि त्यांतील पिवळ्या, म्हणजे दुरुस्त केल्याशिवाय राहू नये अशा इमारती एक चतुर्थांशाच्या घरात होत्या. खांब आणि तुळई यांच्या सांध्यातील भेग टॉर्च घेऊन जिन्याखाली वाकल्याशिवाय दिसत नाही, आणि तिच्यावरच त्या घराचे भवितव्य अवलंबून असते.

यंत्राने दाखविलेले चित्र धावण्यासाठी पुरेसे आहे, निवाड्यासाठी नाही, हे जे मला या प्रस्तावनेत सांगावयाचे आहे त्याचा आधार हा असा आहे. आपल्याकडे घरपडझडीचा पंचनामा हा नुसता मोजमापाचा कागद नसतो. तलाठी आणि ग्रामसेवक दारात उभे असतात, घरमालकाला आपले म्हणणे सांगता येते, शेजारी पंच म्हणून सही करतो, ‘अंशतः’ की ‘पूर्णतः’ यावरून वाद होतो आणि निकाल मान्य नसला तर तहसीलदाराकडे फेरतपासणीचा अर्ज करता येतो. या पद्धतीत विलंब आहे, वशिला आहे, कधी लबाडीही आहे, आणि त्या दोषांना आवर घालण्यासाठी आकाशातील तटस्थ साक्षीदार उपयोगी पडेल हे मी मानतो. किल्लारीनंतर ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली आणि इतर असंख्य गावांत घरे जागच्या जागी दुरुस्त करण्यात आली. कोणते गाव कोणत्या वर्गात बसणार यावर पिढ्यांचे शेजार, देवळे आणि शेताचे अंतर ठरले. असा निर्णय ज्या कागदावरून व्हावयाचा त्याला विचारता आले पाहिजे की हे तू कशावरून म्हणतोस. आणि आजचे यंत्र संभाव्यतेचा ‘०.७३’ असा आकडा एवढेच उत्तर देते. ज्यांच्या भिंती आतून फाटल्या आणि छप्पर शाबूत राहिले अशा कुटुंबांना, आकाशातून काही दिसले नाही म्हणून यादीबाहेर ठेवणे हा अन्याय होईल, आणि तो अन्याय तपशील विचारणाऱ्या माणसाच्या हातून न होता आकड्यांच्या अधिकाराने झाल्यामुळे त्याविरुद्ध दाद मागणे अधिक अवघड होईल.

ग्रंथात पुढे रडार, प्रतिमांचे संस्करण आणि यंत्रशिक्षणाच्या विविध रीती यांचे सविस्तर विवेचन आले असल्यामुळे त्यांत मी अधिक शिरत नाही. फक्त एका गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण ती भूकंपापूर्वीच करावयाची आहे. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून सोडलेला भारत आणि अमेरिका यांचा निसार हा उपग्रह दर बारा दिवसांनी त्याच भूमीवरून त्याच कक्षेने जातो, त्यामुळे पुढल्या काळात ‘आधीची’ नोंद नाही ही सबब उरणार नाही. गावठाणांची ड्रोनने मोजणी करण्याचा प्रयोग आपल्याच राज्यात, पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे, झाला आणि २०२० पासून स्वामित्व योजनेखाली ती देशभर चालू आहे. तिच्यातून प्रत्येक घराची कड आणि छप्पर नकाशावर येते. भिंत कशाची आहे हे त्या नकाशावर नसते. पण ते ग्रामपंचायतीच्या करआकारणीच्या नोंदवहीत असते: मातीचे घर, दगडमातीचे घर, चुन्या-सिमेंटातले पक्के घर आणि आरसीसी अशी वर्गवारी, इमल्याचे वय आणि क्षेत्रफळ यांसह तेथे घरपट्टीसाठी केलेलीच आहे. मोजणीचा, म्हणजे मिळकतपत्रिकेचा, नकाशा भूमी अभिलेख खात्याकडे आणि करआकारणीची, म्हणजे नमुना ८ ची, वही ग्रामपंचायतीच्या कपाटात अशी ही दोन दप्तरे वेगवेगळी पडून आहेत. घरक्रमांकावरून त्यांचा मेळ घालण्याचे काम चतुर्वार्षिक आकारणीच्या वेळी हाती घेतले, आणि त्याची सुरुवात लातूर, धाराशिव व कोयनेच्या खोऱ्यातील तालुक्यांपासून केली, तर पुढच्या यंत्राला शिकताना माळवद म्हणजे काय हे आपल्याच घरांवरून शिकविता येईल.